पायधुणीच्या पाण्याची भिंत

सोमगिरी महाराज त्या वर्षी चैत्रात देवथरला येऊन राहिले होते. देवथर म्हणजे घाटाच्या पायथ्याचे गाव. तिथून पुढे घाटमाथ्यापर्यंत प्यायला थेंब मिळायचा नाही. म्हणून वेशीजवळची म्हाळसाबाईंची मातीची लहानशी धर्मशाळा वाटसरूंना माहेरासारखी वाटे. महाराजांचा मुक्कामही तिच्याच ओसरीवर.

म्हाळसाबाई एकट्या, पण कामाला वाघीण! पावसाळ्यात कौलांवरचे पाणी पन्हळीने अंगणातल्या टाक्यात उतरवायचे आणि ते वर्षभर पुरवायचे, हा त्यांचा नेम. आल्यागेल्याने पाय धुवायचे ते अंगणातल्या एका खड्ड्यापाशी. त्या पाण्यात माती आणि भुसा तुडवून गारा होई, आणि निघताना प्रत्येकाने भिंतीच्या भेगेत एक हात गारा लिंपायचा. भाडे म्हणाल तर एवढेच!

इनामदार त्र्यंबकरावांना याचे भारी हसू येई. त्यांनी समोरच दगडी अतिथिगृह बांधले होते. दारात कारंजे. ते उडावे म्हणून विहिरीवर दिवसभर मोट चाले.

एकदा ते ओसरीसमोर थांबून म्हणाले, "काय हो म्हाळसाबाई, कुणाकुणाच्या पायांचं पाणी ते, आणि त्याच्या तुम्ही भिंती लिंपता? शी! आमचं कुत्रंसुद्धा तिथे झोपायचं नाही."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. महाराज हसून म्हणाले, "माय, रडू नकोस. तेवढंच पाणी वाया जातं." बाईंना रडता रडता हसू फुटले.

वैशाखात इनामदारांच्या लेकीचे लग्न निघाले. व्याह्यांना थाट दाखवायचा म्हणून कारंजे अखंड उडत राहिले, आणि ऐन लग्नाच्या सकाळी विहिरीने तळ दाखवला! पंगतीला पाणी नाही, बैलांना पाणी नाही. व्याही रागावून वऱ्हाड परत न्यायला निघाले. त्र्यंबकराव अनवाणीच धावत आले.

"म्हाळसाबाई, माझ्या पोरीचं लग्न मोडतंय हो!"

बाईंनी टाक्यात डोकावून पाहिले. गुडघाभर पाणी. त्या कळवळल्या. "पोर तुमची तशी माझीही. पण महाराज, उद्या घाट चढणाऱ्याला मी काय देऊ?"

महाराज म्हणाले, "दे. फक्त तुझ्या नेमाने दे."

मग काय सांगावे! सारे वऱ्हाड खड्ड्यापाशी पाय धुऊन टाक्यापाशी आले. माणसे प्यायली, बैल प्यायले, स्वयंपाकाचे हंडे भरले. बाई मधूनमधून डोकावत होत्या. पाणी आपले गुडघाभरच!

त्र्यंबकरावांनी महाराजांचे पाय धरले. महाराज मागे सरले. "आम्ही काही केलं नाही. जिने कधी थेंब दवडला नाही, तिला देव काही उणं कसं पडू देईल? पाय धरायचे तर तिचे धरा."

इनामदार म्हाळसाबाईंपुढे वाकले. बाई संकोचून म्हणाल्या, "उठा हो, मुहूर्त टळेल." मग हळूच पुढे म्हणाल्या, "पण तुमचा एक हात राहिलाय."

त्र्यंबकरावांनी रेशमी उपरणे खोचले, साऱ्यांच्या पायांच्या पाण्याने भिजलेला तो गारा ओंजळीत घेतला, भेगेत लिंपला आणि त्या ओल्या भिंतीवर कपाळ टेकले.

कन्यादानाला बसले, तेव्हा भटजींनी गंध लावायला हात पुढे केला. इनामदार म्हणाले, "राहू द्या, लावलंय." कपाळावरचा गारा त्यांनी पुसला नव्हता.