बेचक्यातला तडा

"चाचा, आणखी किती थर देऊ?"

बाबालाल मिस्त्री बाकावर चहा फुंकत बसले होते. मेणाच्या नमुन्यावर पातळ गाऱ्याचे आणि वाळूचे थर चढवायचे, ते सुकले की मेण वितळवून काढायचं आणि पोकळ कवचात पोलाद ओतायचं, यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

मैथिली फाउंड्रीतली नवी इंजिनिअर. आपल्या सुवर्णपदकाचा विषय ती दिवसातून एकदा तरी काढी.

"कशापायी आनखी थर?"

"फुटू नये म्हणून."

तिने समोर काटा ठेवला. पॉवर टिलरचा गिअर बदलणारा, दोन पायांचा. बेचक्यात केसाएवढा तडा होता.

शनिवारी तिसरी खेप. तीही फुटली तर मैथिलीने भट्टी सोडून पुन्हा ड्रॉइंगच्या टेबलावर बसायचं, असं मालकांनी बजावलं होतं.

"पाच थर दिले तर कवच फुटलं, पोलाद सांडलं. दहा दिले तर कवच शाबूत आणि काट्यालाच तडा. आता बारा देते."

"पाचाचं पातळ म्हनून न्हाई फुटलं. ओलं हुतं. तुला घाई हुती."

मैथिलीला राग आला. पण ते खरं होतं.

"दोन बोटं फाकीव."

तिने फाकवली. चाचांनी आपली जाड मूठ त्यांच्यामध्ये गच्च बसवली.

"आता मिटीव."

"मध्ये तुमची मूठ आहे ना!"

"पोलाद निवताना आकसतंय. त्याला कोन इचारतंय? मिटीव."

पोरगी जिद्दीची. डोळ्यांत पाणी आलं तरी दाबतच राहिली.

"कुठं दुखतंय?"

"बेचक्यात..."

तिची नजर काट्यावर गेली. "म्हणजे माझं दहा थरांचं कवचच मूठ झालं! पोलादाला आकसूच दिलं नाही."

चाचांनी मूठ काढून घेतली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

मैथिली उठली. दहा थरांची तयार कवचं रांगेत उभी होती. तिने हातोडी घेतली आणि एकेक फोडून टाकलं. नवी कवचं सहा थरांची केली, आणि एक थर पुरता सुकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावला नाही.

शनिवार उजाडला. एरवी ओतताना चाचा तिच्या खांद्याशी उभे असत. त्या दिवशी ते बाहेर बाकावरच बसून राहिले. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी तिने ओतलं.

निवता निवता कवच टकटक तडकू लागलं. तिचा जीव टांगणीला लागला. हातोडीचे दोनच ठोके दिले आणि सगळं कवच गळून पडलं.

काटा अखंड होता.

ती धावत बाहेर आली. चाचांनी बेचक्यातून अंगठा फिरवला आणि काटा तिच्या हातात परत दिला.

"चाचा, सोमवारी किती थर देऊ?"

"मला कशाला इचारतीस? मी मूठ कवाच काढलीया."