घोणसमाळाचा निळा ठिपका

घोणसमाळाच्या टोकाला दगडांनी बुजवलेला एक खड्डा आहे. तिथे पाण्याचा थेंब नाही. तरीही गवळी-धनगर माणूस जवळून जाताना बाजूला थुंकतो आणि मगच पुढे जातो. शहरातून आलेल्या पाहुण्यांच्या जुन्या सरकारी नकाशात मात्र त्या जागी निळा ठिपका होता आणि शेजारी घरांचे बारके काळे चौकोन. ती वस्ती शोधतच ते आले होते. कळशी घेऊन वाट दाखवायला आलेल्या ठकूबाई ढेबे यांनी नकाशाकडे पाहिलं आणि दुधात झुरळ दिसावं तसं तोंड केलं.

"ह्योच तुमचा ठिपका," त्या म्हणाल्या. "बसा. आन् पायताणं काढा आदी."

असे सांगतात, की इथे एकेकाळी गवळी-धनगरांचा नांदता वाडा, म्हणजे वस्ती होती. आसपासच्या रानात भर वैशाखातही न आटणारा झरा हा एवढाच. त्यात पाय घालायचा नाही, उष्टं भांडं बुडवायचं नाही आणि तहानेल्याला नाही म्हणायचं नाही, असा वाड्याचा कायदा. साहेबाच्या अमलात साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन मोजणीवाले वर आले, तेव्हा कारभारी राघूने त्यांना कौतुकाने झऱ्यावर नेलं. साहेबाने तिथल्या तिथे कागदावर निळा ठिपका दिला. आपलं पाणी सरकारदरबारी लागलं म्हणून राघू हरखला, म्हणे. आता या शहाणपणाला काय म्हणावं!

मोजणीवाल्यांनी झऱ्याला लागूनच तळ ठोकला. ते बुटांसकट पाण्यात उतरले. चुळा त्यातच, धुणं त्यातच. शेवटी एक भेकर मारलं आणि झऱ्याच्या तोंडाशीच सोललं. राघूची आई जनाई सकाळी पाण्याला आली, तर झऱ्यात आतडी तरंगत होती, चरबीचा तवंग आला होता आणि माशा घोंगावत होत्या. साहेबाचा खानसामा त्याच पाण्यात तपेली घासत होता. तिला पाहून त्याने दात काढले आणि सरकून जागा करून दिली.

जनाई तिथेच भडभडून ओकली. लेकाने हातापाया पडून सांगितलं, की हे लोक जातील आणि पाणी पुन्हा निवळेल.

"ही जात्याल रं," ती म्हणाली. "ठिपका जाईल का? त्यो बघून आनकी येत्याल."

मोजणीवाले माळ उतरून गेले तशी ती एकटीच दगड वाहून झरा बुजवू लागली. दुसरं पाणी लागेपर्यंत घोट घेणार नाही, असा तिने पण केला. राघू रडत रडत तिच्या हातात दगड देत राहिला. मग सगळा वाडाच उठला आणि म्हशी हाकत आत, गर्द रानात शिरला. चालता चालता जनाई कोसळली, आणि जिथे कोसळली तिथली माती तिच्या अंगाखाली ओली होत गेली, म्हणे. नव्या पाण्याची पहिली ओंजळ राघूने तिच्याच तोंडात घातली. ती गिळायला जनाई उरली नव्हती.

गोष्ट सांगून ठकूबाई उठल्या. त्यांनी कळशी कलती केली आणि पाहुण्यांच्या ओंजळीत वरून धार धरली. पाणी गारेगार होतं. एका पाहुण्याने तोंड पुसलं, हातातलं बिस्किटाचं रिकामं पाकीट त्याच खड्ड्यात भिरकावलं आणि पेन्सिल काढून नकाशा उलगडला.

"आजी, हे पाणी कुठलं? यात दिसत नाही. खूण करून ठेवतो."

ठकूबाईंनी पाकिटाकडे पाहिलं, पेन्सिलीकडे पाहिलं. उरलेलं पाणी त्यांनी करवंदीच्या जाळीत ओतलं आणि कळशी पालथी घातली.

आजही या लोकांकडे पाहुण्याला मागेल तेवढं पाणी मिळतं, पण वरून, ओंजळीत. ते कुठून आणलं, असं विचारलं की कळशी पालथी होते. त्या दिवशी पाहुणे सगळी उतरण कोरड्या घशाने उतरले, आणि ठकूबाई पाकीट उचलायला खड्ड्याशी वाकल्या.