यंत्र कुठं बसवायचं

घाटात ट्रक कोसळून भैरू गेला, त्याला महिना झाला होता. मालक घाटगेशेठनी गावात असलेल्या ड्रायव्हरांना जमवून नवं यंत्र दाखवलं. ड्रायव्हरनं फोन उचलला की ते कोकलायचं.

"भैरूनं गाडी चालवताना फोन उचलला. चूक त्याचीच," शेठ म्हणाले.

भैरूचा धाकटा भाऊ शिदू मुठी आवळून पुढं सरला. तेवढ्यात शेठनी सवयीनं वाटेवरच्या एका ड्रायव्हरला फोन लावला. "कुठं पोचलास रे?"

"घाटात हाय, शेठ!"

शिदूच्या मुठी सुटल्या. तो शांतपणे म्हणाला, "दादालाही तुम्ही दर अर्ध्या तासाला हेच विचारायचात. यंत्र झकास आहे, शेठ. फक्त ट्रकमध्ये नको, तुमच्या टेबलावर बसवा."

शेठनी फोन ठेवला. भैरूची चूक त्यांनी पुन्हा काढली नाही.