आतल्या शिरेचं काम

“आतली शीर काढून वर बसवली, मग आतलं काम कोण करणार?”

मी डॉक्टरांना विचारलं, सिस्टरला विचारलं. दोघंही हसली. केरबादादा म्हणाला, गप रे, पाय माझा आहे.

कुष्ठरोगाने दादाचं एक पाऊल लुळं पडलं होतं. रोग बरा झाला, पण पाऊल लोंबतच राहिलं, चालताना फटफट आपटायचं. महिनाभरात चपलेचं टोक झिजायचं.

ऑपरेशन झालं, प्लास्टर चढलं. तेवढे दिवस मी त्याला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचो. पलीकडे आश्रम होता. तिथे लखूआप्पा ऑपरेशन झालेल्यांना चालायला शिकवायचे. त्यांचं स्वतःचं पाऊलही असंच दुरुस्त केलेलं.

प्लास्टर निघालं. आप्पा म्हणाले, “उचल.”

दादा एकेकाळचा पैलवान. घामाघूम झाला. पाऊल हललं नाही.

मी ओरडायला लागलो, वर घे की, वर घे. आप्पांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

“केरबा, वर विसर. पाऊल आत वळव. पूर्वी वळवायचास तसं.”

दादाने आत वळवलं...

पाऊल वर आलं. आत वळवणारी शीरच आता त्याला वर ओढत होती.

त्या वर्षी जत्रेत दादा पारापासून देवळापर्यंत चालत गेला. बोटं एकदाही घासली नाहीत. ‘फटफटी आली’ म्हणून चिडवणारे कडेला उभे होते. मी मुद्दाम त्याला त्यांच्यासमोरून नेला.

दुसऱ्या दिवशी आप्पांना गाठून पुन्हा तेच विचारलं. आतलं काम कोण करणार?

आप्पांनी पुढच्या माणसाला हाक मारली, “उचल.”

चार वर्षांनी कावीळ झाली. आठ दिवसांत दादा गेला.

अंगणात तिरडी बांधली. दादाच्या चपला उंबऱ्याशी होत्या, दोन्हींची टोकं शाबूत. मी त्या हातात धरून एकेकाला दाखवल्या.

मग पुढच्या दांड्याशी वाकलो, आणि हात उठेनात. लोक म्हणाले, उचल बाबा, उशीर होतोय. मी दात खाऊन जोर केला. नाही उठले.

आप्पा शेजारी येऊन वाकले. माझ्या पाठीवर हात ठेवला...

त्यानंतर मी दादाला उचललं. आप्पा एवढंच म्हणाले होते:

“तिरडी विसर, म्हादू. ओढा ओलांड.”