हात भाजणारा टॅबलेट

नाशिकच्या एका कंपनीत शाळांसाठी टॅबलेट बनत. टॅबलेटच्या प्रत्येक भागाला चालण्यासाठी घड्याळासारखे ठोके लागतात. तिथल्या इंजिनियर शलाकाने असा प्रोग्राम लिहिला, की काम नसलेल्या भागाचे ठोके थांबत आणि बोट टेकताच पुन्हा सुरू होत.

संचालक धुरंधर साहेब भडकले. "माझ्या कंपनीत कुणी झोपत नाही! झोपलेला भाग वेळेवर उठेल कशावरून? काढून टाक तो प्रोग्राम!"

शलाकाने दोन टॅबलेट त्यांच्या हातात दिले. "साहेब, यातला एक टॅबलेट तुमच्या पद्धतीचा, एक माझ्या. झोपाळू कोणता ते ओळखलंत, तर लगेच काढते."

साहेबांनी दोन्हींवर बोट फिरवलं. चित्रं सारखीच पळत होती. पुन्हा फिरवलं. शेवटी एक टॅबलेट टेबलावर टाकून त्यांनी हात झटकला आणि दुसरा छातीशी धरला.

"हा तरतरीत आहे, म्हणजे माझा. तो झोपाळू तुझा!"

"कशावरून, साहेब?"

"हात भाजला माझा! झोपेतून उठताना दमतोय बिचारा."

शलाका हळूच म्हणाली, "साहेब, तो तुमचा. त्याला सकाळपासून कुणी झोपूच दिलेलं नाही."

साहेबांनी वाकून टेबलावरच्या टॅबलेटची बॅटरी पाहिली. ती संपत आली होती.

"शाळांना हाच पाठवा," छातीवरचा थंड टॅबलेट न सोडता ते म्हणाले.