रिकामा ग्राइंडर

एकदा एका गृहस्थाला लोखंड जोडण्याचा नाद लागला. नाद म्हणजे कसा? शनिवारी चहा घशाखाली उतरायच्या आत स्वारी परसात, आणि रविवारी दिवेलागणीला एक वस्तू तयार! कधी चपलांची मांडणी, कधी कुंड्यांचा स्टँड, कधी पाण्याच्या पिंपाखाली घडवंची. गृहस्थाचं नाव दिगंबर. आठवडाभर कचेरीत फायली इकडून तिकडे सरकवायच्या. तिथे काही पुरं होतंय असं कधी वाटायचं नाही. इथे मात्र शनिवारी काम सुरू आणि रविवारी खलास. या समाधानाची चटक फार वाईट हो. लागली की सुटत नाही.

ही विद्या त्याला एका वृद्ध मास्तरांनी दिली होती. तंत्रशाळेत उभी हयात वेल्डिंग शिकवून ते निवृत्त झाले होते. बोलणं कमी, आणि जे बोलत तेही बहुधा रागावून. त्यांचा एक दंडक होता: ग्राइंडर रिकामा फिरवायचा नाही. "घासायला लोखंड नसेल तर बटणाला हात लावू नकोस. लोकांच्या कानांनी तुझं काय घोडं मारलंय?"

पुढे दिगंबरच्या पत्नीला, कुमुदला, एक दुखणं जडलं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे मेलं मुंगीच्या पावलांनी आलं, आणि जाणार तर नव्हतंच. आधी हातातून वाटी निसटू लागली. मग पाय गेले. मग जीभ जड झाली. डॉक्टरांनी दिगंबरला बाजूला घेतलं. "आवाजही जाईल हळूहळू. काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या." त्यापुढचंही त्यांनी सांगितलं, पण ते मला इथे सांगवत नाही.

हे ऐकून दिगंबरनं काय करावं? शनिवार उजाडला आणि तो परसात गेला! पलंगाला धरायला दांडा केला. पुढच्या खेपेला न्हाणीघरात आधाराची कडी, त्यापुढे जेवणाचं ताट ठेवायला सरकतं टेबल. शेजारी म्हणत, "बायकोसाठी किती करतो बिचारा!" ते खोटं नव्हतं. वस्तू उपयोगाच्याच होत्या. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातलीच गत. आठवडाभर कुमुदपाशी एक बाई असे. शनिवार-रविवारी यजमान घरी, म्हणून तिला सुट्टी. आणि यजमान खिडकीपलीकडे ग्राइंडर चालवीत असत. कुमुद हाक मारी, तिचे ओठ हलत, आणि तो आवाज खिडकीपर्यंतसुद्धा पोचत नसे.

एका शनिवारी त्यानं घंटेचा स्टँड करायला घेतला. "आवाज गेला तरी काळजी नको," तो उत्साहानं तिला सांगून गेला. "घंटा वाजवलीस की मी हजर!" कुमुदनं आपल्या बोटांकडे पाहिलं. तिच्या बोटांत आता चमचाही ठरत नव्हता. हे त्याला दिसलं नसेल का? दिसलं असेल, पण काम रविवारपर्यंत उरकायचं होतं. त्याच घाईत, दोन-चार टाकेच तर मारायचे म्हणून त्यानं चेहऱ्यापुढे काच धरली नाही, नुसते डोळे किलकिले करून टाके मारले. त्याचं प्रायश्चित्त प्रत्येक वेल्डिंगवाल्याला ठाऊक असतं. रविवारी सकाळी डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं. उघडता येईनात, मिटता येईनात. त्यानं चाचपडत मास्तरांना फोन लावला.

मास्तर आले. आधी चार शिव्या हासडल्या. मग बटाट्याच्या चकत्या कापल्या, त्याच्या पापण्यांवर ठेवल्या आणि वरून ओला पंचा बांधला.

"संध्याकाळपर्यंत उतरेल ना, मास्तर? दोनच जोड राहिलेत," दिगंबर म्हणाला.

मास्तरांनी त्याचा दंड धरला. त्याला कुमुदच्या खोलीत नेलं, तिच्या उशाशी खुर्चीत बसवलं. "इथून हलायचं नाही," एवढं बोलून ते परसात निघून गेले.

थोड्याच वेळात बाहेर ग्राइंडर सुरू झाला. दिगंबरला बरं वाटलं. राहिलेलं काम मास्तर उरकून देताहेत तर! पण लोखंडाला टेकलेला ग्राइंडर वेगळा ओरडतो, हे त्याच्या कानांना माहीत होतं. हा रिकामाच फिरत होता. एक क्षण नाही, दोन क्षण नाही. थांबायचं नावच नाही. म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय? खिडकीतून तो कर्कश आवाज आत घुसत होता, पलंगाचा दांडा थरथरत होता, दात शिवशिवत होते. अशात त्याच्या मनगटाला एक उष्ण श्वास लागला. कुमुद काहीतरी सांगत होती.

"काय? काय म्हणतेस?" त्यानं तिच्या ओठांशी कान नेला. काही म्हणजे काही कळेना. "मास्तर, बंद करा ते!" तो ओरडला. पुन्हा ओरडला. घसा खरवडून निघेस्तोवर ओरडला. तिला पाणी हवंय? दुखतंय? श्वास अडकलाय? पंच्याखालच्या अंधारात त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं. अखेर ग्राइंडर थांबला, आणि मास्तरांची पावलं दारात वाजली.

"किती हाका मारल्यास?" मास्तरांनी विचारलं.

"पुष्कळ मारल्या! तुम्हाला ऐकू कसं येईना?"

"तुझा घसा तर धडधाकट आहे. तरीही आलं नाही." आज मास्तरांच्या बोलण्यात राग नव्हता. "ही तुला काय म्हणून हाक मारते रे?"

"आमच्याकडे जुनी रीत आहे. नाव घेत नाहीत. ‘ऐकलंत का’ म्हणते."

"आणि ते तू आपलं नावच समजून बसलास. नाव नव्हे ते, दिगंबरा. प्रश्न आहे. लग्न झाल्यापासून ही तुला तो विचारते आहे. लोखंडाचं काम रविवारी संपतं, म्हणून तू तिकडे पळतोस. इथलं काम तुझ्या हातून पुरं व्हायचं नाही. इथे हाताला यश नाही, कौतुक नाही. तरी बसायचं ते इथेच. लोखंड मी तुला शिकवलं. हे मला शिकवता येत नाही."

त्यांनी चपला घातल्या. "चकत्या तासाभरानं बदल," असं सांगून ते गेले.

घरात शांतता पसरली. दिगंबरनं चाचपडत कुमुदचा हात शोधला. "काय म्हणत होतीस?"

तिला वेळ लागला. तोंडात घास असावा तसे शब्द येत होते. "आत्ता... की रोज?"

"रोज."

"भीती वाटते... म्हणत होते. बसा... म्हणत होते."

दिगंबरला हुंदका आवरेना. "मलाही वाटते गं. फार वाटते. म्हणून तर बाहेर पळायचो."

"माहीत आहे," कुमुद म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, एकेक शब्द गोळा करून, "रडू नका. बटाटे... खारट होतील."

त्यानंतरच्या शनिवार-रविवारी परस मुकं असे. कुमुद बोले, दिगंबर ऐके. माहेरच्या विहिरीचं, लहानपणी दगावलेल्या भावाचं, लग्नात नेसलेल्या आणि मुळीच न आवडलेल्या शालूचं. एवढा संसार झाला, आणि यातलं त्याला काहीही ठाऊक नव्हतं. काही शब्द एकदा सांगून कळत, काही चारदा, काही कळतच नसत. ते कायमचे गेले. श्रावण सरता सरता आवाजही गेला. चमत्कार वगैरे काही झाला नाही, होत नसतो.

एका दुपारी तिचे ओठ हलले. तो वाकला. नुसता श्वास होता. तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "हो, कळलं."

कुमुदनं मोठ्या कष्टानं मान हलवली. नाही.

दिगंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं आपला गाल तिच्या गालाला लावला. "नाही कळलं गं. आता कळणारही नाही. पण मी इथे आहे." कुमुदनं डोळे मिटले. तिला झोप लागली तरी तो उठला नाही.

आपल्या माणसाचा आवाज आहे तोवर हातातलं काम खाली ठेवावं. पुढे कामाला वेळच वेळ असतो.