पाचर आणि गळकी नळी

अवजारं माणसांपेक्षा जास्त बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. चंद्राक्काच्या वखारीत लाकडं फोडायचं यंत्र होतं. त्याच्या पाचरीला आपल्या धारेचा भारी माज. एकदा ती बाभळीच्या गाठीत रुतली आणि तिला दाबाच्या तेलाने पुढे रेटणारी यंत्राची नळी ताण येऊन गळू लागली.

"गप गं रडके! अक्का काम थांबवेल," पाचर खेकसली.

"थांबवू दे. मी फुटले तर तापलेलं तेल तिच्या तोंडावर उडेल."

"अगं, तुला काढून फेकेल ती!"

"फेकू दे," म्हणत नळी आणखी गळली.

तेलाचा डाग बघून अक्काने यंत्र बंद केलं आणि नळी बदलली.

खंडेनवमीला अक्काने हसत पाचरीला झेंडू वाहिला. पाचरीने अंग हलवून तो कोपऱ्यात पडलेल्या जुन्या नळीवर टाकला.

"घे बाई. तिचं हसू तुझ्यामुळंच राहिलंय."